फाटकावर लाल फडकं

नेत्साईला घरं दाखवायला न्यायचं म्हणजे पोलिसाला सोबत घेऊन फिरणं, असं तिचा नवरा टोंडेराई म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. खोल्या किती, पत्रा गळतो का, मोरीचं पाणी कुठं जातं, असलं काही ही बाई विचारायचीच नाही. आधी फाटकाची कडी हलवून बघायची, मग भिंतीची उंची, मग शेजाऱ्यांच्या खिडक्या. आणि शेवटी दलालाकडे वळून एकच प्रश्न, "रात्री काही झालं तर इथं कोण येईल?"

दलाल बिचारे काय सांगणार? एक म्हणाला, पोलीस येतील. त्यावर नेत्साई अशी काही हसली की त्यानं पुन्हा त्यांचा फोन उचललाच नाही.

पण तिलाही नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. हरारेच्या शाळेत इतकी वर्षं पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवून संसाराची बेरीज काही जमेना, तेव्हा तिनं इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात काम धरलं होतं. ऑगस्टमध्ये विमान. टोंडेराई ट्रकवाला, आज बैरा तर उद्या लुसाका, महिन्यातला निम्मा काळ रस्त्यावर. मागं राहणार नऊ वर्षांची मकानाका आणि पाच वर्षांचा तवाना. सोबतीला टोंडेराईची चुलत बहीण शुवाई होती, पण घर पेटलं तरी हिला फोन करूनच कळवावं लागेल, असं खुद्द तिचा भाऊच म्हणायचा.

त्यात गेल्या वर्षीची ती रात्र. ग्लेन नोरा वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत चोर दार फोडत होते आणि नेत्साई दोन्ही पोरांना पलंगाखाली ढकलून, मक्याच्या पिठाचा साद्झा ढवळायचा लाकडी डाव हातात धरून दारामागं उभी होती. शेजारची पोरं काठ्या घेऊन धावली म्हणून चोर पळाले. पण नेत्साईच्या लक्षात राहिली ती फक्त दाराची फळी चिरल्याचा आवाज. तेव्हापासून तिला झोप म्हणून नव्हती. आपण विमानात बसायच्या आत पोरांना अशा वस्तीत ठेवायचं, की त्यांच्या केसाला धक्का लागणार नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

मार्लबरो वस्तीतलं घर तिला बघताक्षणी आवडलं. डोक्याहून उंच सिमेंटच्या पाट्यांची भिंत, भिंतीवर विजेच्या तारा, बटण दाबलं की सरकणारं फाटक. अख्ख्या रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"शेजारी कोण राहतं?" टोंडेराईनं रखवालदाराला विचारलं.

"माहीत नाही, साहेब. गाडी आत जाते, गाडी बाहेर येते."

"बघितलंस, मकानाकाच्या आई? इथं शेजारी म्हणून गाड्या राहतात."

"राहू देत," नेत्साई म्हणाली. "कुणी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मला हेच पाहिजे."

परत येताना एका वळणावर कुणाच्या तरी फाटकाला लाल फडकं बांधलेलं दिसलं. टोंडेराईनं गाडी थांबवली, टोपी काढली आणि आत गेला. मकानाका काचेला नाक लावून बघत राहिली. बाबा आत गेले, उकिडवे बसले, तिकडच्या रिवाजाप्रमाणे हळू टाळ्या वाजवून काहीतरी बोलले, शेकोटीजवळच्या पुरुषांत थोडा वेळ बसले आणि परत आले.

"कोण होतं ते, बाबा?"

"कुणास ठाऊक."

"मग आत कशाला गेलात?"

"फडकं होतं ना. लाल फडकं म्हणजे घरात कुणीतरी गेलंय. बघितलं की आत जायचं. ओळख असो, नसो."

"सगळे जातात?"

"माणसं असतील ते जातात," टोंडेराई म्हणाला आणि आरशातून बायकोकडे बघितलं. "गाड्या जात नाहीत."

नेत्साईनं मान खिडकीकडे फिरवली. टोमणा नेमका कुठं लागायचा तिथं लागला होता.

मार्लबरोचं घर रिकामं व्हायला जुलैअखेर होणार होती. ग्लेन नोराची खोली तर आधीच सोडलेली. मग तेवढ्यापुरतं म्हणून टोंडेराईनं वॉटरफॉल्समध्ये त्याच्या एका सोबत्याचं घर मागून घेतलं. वस्तीचं नाव वॉटरफॉल्स, म्हणजे धबधबे, आणि नळाला आठवडा आठवडा थेंब नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घर जुनं, पण आवार मोठं. आवारात एक आंबा, एक ॲव्होकाडो, आणि भोवती भिंत नाहीच. झुडपांचं कुंपण, त्यातही मधोमध माणूस आरामात जाईल एवढं भगदाड.

"हे काय?" नेत्साईनं भगदाडाकडे बोट दाखवलं.

"वाट आहे," टोंडेराई म्हणाला. "पलीकडच्या आजीच्या विहिरीवर जायची."

"खोकी उघडायची नाहीत," नेत्साईनं घरात सगळ्यांना बजावलं. "आपण इथं पाहुणे आहोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भगदाडातून एक म्हातारी आत आली. हातात रताळ्यांचं घमेलं, अंगात नवऱ्याचा असावा असा जुना कोट. दार वाजवणं वगैरे काही नाही. थेट स्वयंपाकघरात येऊन तिनं विचारलं, "देवक काय तुमचं?"

त्या मुलखात माणसाचं नाव मागून विचारतात, देवक आधी. नेत्साईनं नाइलाजानं सांगितलं, नवऱ्याचं माकडाचं.

"अगं बाई, माझी आई माकडाच्या देवकाची." म्हातारीनं घमेलं खाली ठेवलं आणि तवानाच्या पुढ्यात गुडघे टेकले. "म्हणजे हा माझा मामा. मामा, मला ओळखलं नाही का?"

पाच वर्षांच्या मामानं शेंबूड पुसला आणि रताळं उचललं. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ जमलं ते जमलंच.

म्हातारी स्वतः चिहेरा, म्हणजे सांबरासारख्या त्या मोठ्या शिंगांच्या हरणाच्या देवकाची लेक. या देवकाच्या बायका फटकळ म्हणून सगळीकडे प्रसिद्ध, आणि या आजीनं ती कीर्ती कुठं उणी पडू दिली नव्हती. निम्मी गल्ली तिच्या विहिरीचं पाणी भरायची, त्यामुळं कुणाकडे काय शिजतंय आणि कुणाचं काय बिनसलंय, तिला सगळं ठाऊक.

"तू म्हणे इंग्लंडला चाललीस," ती नेत्साईला म्हणाली. "तिथल्या म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसायला."

"काम आहे, आजी. कामाला लाज कसली?"

"लाज नाही गं. मी आपली विचारते. इथल्या म्हाताऱ्या काय वाईट होत्या?"

नेत्साईला ती म्हातारी डोळ्यांसमोर नको व्हायची. वाईट होती म्हणून नव्हे. भगदाडातून म्हातारी येऊ शकते तर चोरही येऊ शकतो, हा साधा हिशेब होता. पोरं आवारात खेळत असली की हिचं अर्धं लक्ष त्या भगदाडाकडे. रात्री तिथं दोन खोकी रचून ठेवायची आणि सकाळी आजी ती बाजूला सारून आत यायची, वर पुन्हा म्हणायची, "तुझी खोकी वाटेत येतात बाई."

रोज पोरं झोपली की नवरा-बायकोचा एकच विषय. टोंडेराई रस्त्यावर असला तर फोनवर.

"इथं काही झालं तर कोण येईल, सांगा ना."

"येतील गं सगळे."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

"तुला नावं कशाला हवीत? तू काय हजेरी घेणार आहेस?"

"मी नसेन तेव्हा, मकानाकाचे बाबा. तुम्ही तिकडे सीमेवर अडकलेले असाल आणि मी तिकडे असेन. माझ्या लेकरांना काही झालं तर कोण येईल?"

यावर टोंडेराई विषय बदलायचा. त्यालाही भीती होतीच, तो फक्त ती थट्टेत बुडवायचा. आणि दोघांनाही वाटायचं, पोरं झोपलीत.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी नेत्साई शहरात गेली. इंग्लंडच्या कागदांसाठी छातीची तपासणी होती. ती उरकून ती तशीच मार्लबरोला गेली आणि त्या घराची चावी घेऊन आली. टोंडेराईला सांगितलं नव्हतं. तो झांबियाच्या वाटेवर होता. आला की सांगू, म्हटलं. चावी पिशवीच्या तळाशी टाकली तेव्हा तिला किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेता आला.

दुपार कलताना ती कोम्बीच्या छोट्या बसमधून उतरली. थांब्यावर टोमॅटो विकणारी बाई, जिच्याशी तिचं कधी दोन शब्द बोलणं झालं नव्हतं, टोपली टाकून उठली आणि तिनं नेत्साईचे दोन्ही हात धरले.

"धीर धर, मकानाकाच्या आई," ती म्हणाली. "जा, आधी घरी जा. सगळ्या आहेत तिथं."

"काय झालं?"

बाईनं मान खाली घातली. नेत्साईनं हात सोडवले आणि चालायला लागली. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा धूर दिसला. आंब्याखाली शेकोटी, शेकोटीभोवती पुरुष. गवतावर तिचा सोफा, बाजूला दोन्ही खुर्च्या. मयताच्या घरात बायका जमिनीवर बसतात, त्यासाठी बैठकीची खोली रिकामी करतात. तिची बैठकीची खोली रिकामी केलेली होती. आणि फाटकाला लाल फडकं होतं.

माणसाचं मन किती दुष्ट असतं बघा. त्या चार पावलांत तिनं आधी मकानाकाला मारलं, मग तवानाला, मग पुन्हा मकानाकाला. विहीर, तिच्या डोक्यात आलं. भगदाड, वाट, विहीर. मी म्हटलं होतं. मी म्हटलं होतं सगळ्यांना.

फाटकातून आत गेली तेव्हा पुरुष उठून उभे राहिले आणि टोप्या काढल्या. ती त्यांच्यामधून दाराकडे धावली. दारात चिहेरा आजी आली, आणि तिच्या कमरेला बिलगून तवाना, दोन्ही गालांत रताळं.

नेत्साईनं त्याला ओढून घेतलं. "मकानाका कुठाय?"

"आत आहे," आजी म्हणाली. "मुकी झालीय पोर. सकाळपासून नुसती रडतेय."

मकानाका आतल्या भिंतीशी बसली होती. भोवती गल्लीतल्या बायका, दोघी-तिघींच्या पाठीला तान्ही बांधलेली. पोर जिवंत होती, हात-पाय धड होते. नेत्साईनं तिचं डोकं, मान, पाठ चाचपून बघितली आणि मग तिच्या मनात तिसरं नाव आलं.

"टोंडेराई," ती म्हणाली.

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं हलक्या आवाजात मयताचं गाणं धरलं.

"कधी? कुठं झालं? तुम्हाला कुणी सांगितलं?"

गाणं थांबलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मग सगळ्यांनी चिहेरा आजीकडे.

"आम्हाला कोण सांगणार?" आजी म्हणाली. "आम्हाला तू सांगायचं. फाटकाला फडकं दिसलं, मी आत आले. ही एकटी रडत बसलेली, हा मामा अंगणात. ती शुवाई केस विणायला गेलेली. आई कुठं, तर शहरात. बाप कुठं, तर रस्त्यावर. ट्रकवाल्याच्या घराला लाल फडकं लागलं की काय समजायचं माणसानं? म्हटलं, तुला इस्पितळातून बोलावणं आलं असेल, तू तिकडे धावली असशील. रडणाऱ्या लेकराला खोदून खोदून विचारतात का?"

"मला कुणी बोलावलं नाही. मला काहीच माहीत नाही."

नेत्साईनं फोन काढला. टोंडेराईला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. सीमेच्या अलीकडे घाट आहे, तिथं फोन लागत नाही, हे तिला माहीत होतं. घाटात ट्रक उलटतात, हेही माहीत होतं. बाहेरचे पुरुष दाराशी येऊन उभे राहिले. एक म्हातारा पुटपुटत प्रार्थना करायला लागला. तिनं पुन्हा लावला. वाजला. वाजत राहिला. नेत्साईनं मनातल्या मनात देवाला सांगितलं, मी कुठं जात नाही, इंग्लंडला नाही, कुठंच नाही, फक्त त्यानं उचलू दे.

"हां, बोल," टोंडेराई म्हणाला. तोंडात घास होता. "सीमेवर ही लांबलचक रांग लागलीय, म्हटलं कोंबडी तरी खाऊन घ्यावी. का गं? रडतेस कशाला?"

तिनं फोन आजीच्या हातात दिला आणि जमिनीवर बसली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणी हसलं, कुणी डोळे पुसले. फोनमधून टोंडेराईचा आवाज येत होता, "अहो पण कोण मेलंय?" आणि चिहेरा आजी त्याला सांगत होती, "तूच मेला होतास. आता जेव."

मग आजी उठली. बाहेर जाऊन फडकं घेऊन आली आणि नेत्साईच्या मांडीवर टाकलं. तो तिचाच डोक्याला बांधायचा लाल रुमाल होता. इंग्लंडच्या बॅगेत अगदी तळाशी घडी करून ठेवलेला.

"हे खेळायचं फडकं नाही," आजी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "कुणी बांधलं?"

नेत्साईनं मकानाकाकडे बघितलं. पोरीनं गुडघ्यांत तोंड खुपसलं होतं.

"मकानाका. तू बांधलंस?"

मान हलली.

नेत्साईचा हात उठला होता. खरंच उठला होता. अख्खी गल्ली कामधंदा सोडून हिच्यापायी इथं बसली, आणि आपण मनातल्या मनात तिघांना पुरून आलो. पण पोर बोलायला लागली तेव्हा तो हात तसाच राहिला.

"तू रोज बाबांना विचारतेस ना," मकानाका म्हणाली. "काही झालं तर कोण येईल. बाबांना सांगता येत नाही. म्हणून मी बघितलं."

नेत्साईचा हात हळूच खाली आला.

"मला वाटलं, दोन-तीन येतील. मग मी सोडून टाकणार होते. पण आजी लगेच आल्या. मग ते सायकलवाले आजोबा. मग सगळेच यायला लागले आणि रडायला लागले. मग मला सांगताच येईना." तिनं नाक पुसलं. "तो समोरचा मास्तर पण आला. आपण त्याला कधी नमस्कारसुद्धा करत नाही. त्यानं लाकडं आणली."

दारातल्या मास्तरानं घसा खाकरला.

"ऐकलंस?" आजी नेत्साईला म्हणाली. "तुझ्या लेकीनं आमची परीक्षा घेतली. मास्तरणीची पोर शोभतेय. पास झालो का गं आम्ही?"

बायका हसल्या. हसताना दोघी-तिघींनी डोळेही पुसले. बाहेर चुलीवर साद्झाचं मोठं पातेलं चढलेलं होतं; ते उतरवायचं नाही, असा आजीनं हुकूम सोडला. मयताचं म्हणून शिजवलेलं अन्न फेकलं तर ते मयत शोधत येतं म्हणे. तेव्हा सगळ्यांनी खाऊनच जायचं. पुरुषांनी सोफा आत आणायला घेतला. नेत्साई तशीच बसून होती, आणि पिशवीच्या तळाशी मार्लबरोची चावी होती. ते फडकं त्या रस्त्यावर बांधलं असतं तर? गाडी आत गेली असती, गाडी बाहेर आली असती.

संध्याकाळी सगळे शेकोटीशी जेवायला बसले तेव्हा मकानाका येऊन तिच्या कुशीत शिरली.

"आई, मारणार आहेस?"

"नाही."

"सगळे आले की नाही?"

"आले."

मग तिनं विचारलं, "तू तिकडून किती वेळात येशील?"

नेत्साईचा घास हातातच राहिला.

"म्हणजे खरंच फडकं लागलं तर," मकानाका म्हणाली. "मी गेले, किंवा तवाना गेला, तर."

"असं बोलू नये, बाळा."

"तू पण बोलतेस. रोज रात्री."

"लवकर येईन."

"लवकर म्हणजे किती?"

नेत्साईच्या शाळेतल्या एक बाई तिच्या आधी दोन वर्षं इंग्लंडला गेल्या होत्या. आईच्या मातीला त्या येऊ शकल्या नाहीत. रजा नाही, तिकीट नाही, कागदांचं काहीतरी अडलं. शवपेटी खाली जाताना त्यांनी फोनवर बघितली. नेत्साईनंच इकडून फोन धरला होता. खड्ड्यापाशी उभी राहून तिनंच हात स्थिर ठेवला होता.

तिनं मदतीसाठी आजीकडे बघितलं. आजीच्या मांडीवर मामा झोपला होता.

"माझ्याकडे काय बघतेस?" आजी हळूच म्हणाली. "लेकरानं विचारलंय. उत्तर दे."

"तीन दिवस," नेत्साई म्हणाली. "चार. त्यांनी सोडलं तर. मकानाका, मला खरंच सांगता येत नाही."

मकानाकानं मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं आणि फक्त आईच्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं शेकोटीभोवती एकेकाकडे बघितलं. सायकलवाले आजोबा, मास्तर, टोमॅटोवाली बाई, पाठीला तान्ही बांधलेल्या बायका.

"मग आपण इथंच राहू या," ती म्हणाली. "तू येईपर्यंत हे लोक बसून राहतील."

चिहेरा आजीनं मामाला न हलवता वाकून एक लाकूड पुढं सारलं.

"बसू की," ती म्हणाली.